तेल लावलेले पट्टे

मंडळी, ह्यांच्या शोकसभेला एवढे जण आलात. मी उभी राहिले ती रडायला नाही. बोलते, कारण उद्या राजगढला माल निघतोय आणि गाडीला तेच पट्टे लागलेत.

हे या जिनिंगमध्ये भांडार सांभाळायचे. गाडीवर कापसाच्या गाठी आवळायला मुंबईहून प्लास्टिकचे पट्टे आले. मालक म्हणाले, किती टिकतात ते पाहा. ह्यांनी आमच्या गच्चीवर चार पट्टे टांगले, प्रत्येकाला दहा शेरांचं वजन. चैत्र-वैशाखाच्या उन्हात रोज वर जायचे. वाकवायचे, ताणायचे, वहीत लिहायचे. ती वही मी वाचली आहे. शाळेत गेले नाही, पण वाचता येतं मला.

चूक माझी झाली. चामड्याच्या पट्ट्याला आपण तेल देतो ना? तसंच मी दोन पट्ट्यांना चोळलं. हे ओरडले, "अगं, हे चामडं आहे का!" मग म्हणाले, "राहू दे. आता हेही कळेल."

कळलं. तेलाचे दोन्ही पट्टे कडक झाले, वाकवले तसे तडकले. कोरडे टिकले. पावसातही टिकले.

हे धावत इथे आले. तोवर मुकादम, तुम्ही गाडीच्या सगळ्या पट्ट्यांना तेल पाजलं होतं. हे म्हणाले, "काढा ते." तुम्ही काय म्हणालात? "भैया, आता वहिनींच्या फोडणीवरून माल बांधायचा का?" सगळे हसले. कोण कोण हसलं? माना खाली घालू नका. मी इकडे आहे.

तेव्हा हे म्हणाले, "नाही काढत ना? मग मी गाडीवर मागे बसून लक्ष ठेवतो." बागलीच्या उतारावर पट्टा तुटला. गाठी ह्यांच्यावर आल्या. घरी येऊन तुम्ही मला सांगितलंत, देवाची मर्जी. तेल देवानं लावलं होतं का?

उद्या त्या गाडीवर दोन हमाल बसणार. त्यांच्या बायका त्या खांबापाशी बसल्यात. बायांनो, ऐकलंत ना?

मुकादम, शांततेसाठी उठू नका. उठायचंच तर विळा घेऊन उठा. गाडी बाहेर उभी आहे. ते पट्टे कापा, दोर आवळा. आम्ही इथे बसून वाट पाहतो. तुम्ही परत आलात की सगळे मिळून दोन मिनिटं उभे राहू. ह्यांना नमस्कार मी तेव्हा करीन.