दोन काळ्या बांगड्या

(शेवगावात रसूलबी मणियारचं घर. दुपारची वेळ. दारात स्कूटी लावून दोघी आत आल्या आहेत.)

रसूलबी : बसा, छबूआक्का. आन् ही तोंड बांधलेली कोन म्हनायची?

निकिता : मावशी, मी निकिता. रस्त्याला धूळ किती आहे, म्हणून स्कार्फ. थांबा, सोडते.

रसूलबी : सोड सावकाश. हितं कुनी घाई करनार न्हाई तुला.

छबूबाई : आल्या आल्या टोचलंस व्हय, रसूल? पानी तरी पिऊ दे.

रसूलबी : पानी घ्या की. नवरीला घेऊन आलात, सरबत करते.

छबूबाई : सरबत ऱ्हाऊ दे. परवा हळद हाय. उद्या हिचा चुडा भरायचा. दोनदा निरोप धाडला, तर तुझा ल्योक म्हनतो, आई आजारी हाय.

रसूलबी : आजारी न्हाई मी. तुमाला वाईट वाटू नये म्हनून खोटं बोलला त्यो.

निकिता : बाजाराच्या दिवशीचं मला मैत्रिणीकडून कळलं, मावशी. आमच्या घरात कुणी एक शब्द बोललं नाही.

रसूलबी : बोलन्यासारखं काय हाय त्यात? बांगड्यांची पाटी घेऊन टेम्पोतून उतरले. तुमच्या गावच्या वेशीत चार पोरं. म्हनली, ग्रामसभेचा ठराव झालाय, तोंड झाकलेल्या बाईला बाजारात सोडायचं न्हाई. मी म्हनलं, बायकांत बसल्यावर नकाब वर करतेच की मी, दर बाजाराला करते. तर म्हनली, न्हाई, हितंच करा, आमच्यासमोर. एकानं मोबाईल धरला हुता तोंडापुढं.

छबूबाई : मग?

रसूलबी : मग पाटी उचलली आन् माघारी आले. मोबाईल धरनारा पोटात हुता तवा त्याच्या आईला डोहाळजेवनाच्या बांगड्या मीच भरल्यात.

छबूबाई : कल्याणनं तसं सांगितलं नव्हतं गं पोरांना. सरपंच झाला म्हनून माझा ल्योक वाईट न्हाई झाला. त्यो म्हनला, चोऱ्या वाढल्यात, मानसाचं तोंड दिसाया पायजे. मोठ्या मोठ्या देशांत बी बंदी हाय म्हनं.

रसूलबी : बाजारात चोरी झाली तवा बुरख्यातली बाई घावली हुती का?

छबूबाई : न्हाई. पर तुझी सासू कुठं घालायची बुरखा? लुगडं नेसून, डोईवर पदर घेऊन बैलगाडीतनं यायची. माझा चुडा तिनंच भरला. किती मायेची बाई. बांगडी चढताना मला रडू आलं, तर तिनं झिम्म्याचं गानं म्हनून हसवलं हुतं.

रसूलबी : सासूला सारा गाव मामी म्हनायचा. गाडीतून उतरायच्या आधी पोरं पाटी उचलायची तिची. मला वेशीत कोन काय म्हनतं, ते आत्ता सांगितलं की. खरं सांगू? लग्नात पहिल्यांदा बुरखा घातला तवा जीव गुदमरला माझा. आता सवय झालीया. त्याच्याबिगर उघडं पडल्यावानी वाटतं. माझी सून न्हाई घालत, तिला मी कधी म्हनले न्हाई. पन माझा काढायचा का ठेवायचा, ते वेशीतल्या पोरांनी ठरवायचं?

निकिता : मला विचाराल तर बुरखा नसावाच, मावशी. पण असा नाही. असा उतरवायचा नाही.

छबूबाई : मी तरी काय करनार हुते? मला ठरावातलं काय कळतंय.

रसूलबी : कळत नव्हतं, मग हात कशापायी वर केला?

छबूबाई : मी? कुनी सांगितलं तुला?

रसूलबी : फोटो फिरतोय मोबाईलवर, बायकांचा पाठिंबा म्हनून. सुनेनं दाखवला. सतरंजीवर सगळ्या बसलेल्या. पुढं थोरली मानसं खुर्च्यांवर, म्हनून समद्यांचे पदर नाकापत्तूर. एकीचं तोंड दिसंना. नुसते हात वर.

निकिता : तो मीही पाहिला. आजी, तू त्यात होतीस?

रसूलबी : तोंड दिसत न्हाई म्हनून काय झालं? हात बघ. समदे माझ्या वळखीचे. लाल-सोनेरी बांगड्यांचा तुझ्या आईचा. आन् खांबाजवळ एक हात, दोन काळ्या बांगड्यांचा.

निकिता : काळ्या तर आजीच्याच...

छबूबाई : बास, रसूल.

रसूलबी : मी बास करते. पुढलं तुमीच सांगा पोरीला.

छबूबाई : काय सांगू? तुझे आजोबा गेले, निकिता, तवा भावकीतल्या बायकांनी माझा चुडा फोडला. म्हनल्या, आता हात मोकळाच ठेवायचा. महिन्यानं ही आली. ओसरीवर समद्यांच्या देखत माझा हात मांडीवर घेतला आन् ह्या दोन चढवल्या. जाऊबाई लई बोलल्या हिला. ही म्हनली, नवरा गेलाय, हात हाय की अजून.

रसूलबी : त्योच हात वर हुता, आक्का.

निकिता : का केलास गं?

छबूबाई : कल्याण वळून बघत हुता. समद्यांचे वर गेले. माझाच खाली कसा ठिवू?

निकिता : मग आता सांगशील का बाबांना, ठराव मागे घ्या म्हणून?

छबूबाई : रसूल, उद्या ये तू. मी सवता वेशीत उभी ऱ्हाते. बघू कोन अडवतंय.

रसूलबी : आन् पुढल्या बाजाराला?

निकिता : आजी, बोल ना.

रसूलबी : नको छळू तिला. मी न्हाई येनार, आक्का. पन पोरीनं काय केलंय? दे गं हात. हितंच भरते चुडा.

निकिता : पण मांडवात बायका विचारतील, चुडा बाहेर जाऊन का भरला म्हणून.

रसूलबी : विचारू दे. आजी सांगंल न्हाई तर गप बसंल. मूठ ढिली सोड. अंगठा आत घे. असा. तुझ्या आजीचा हात बी असाच मऊ हुता म्हनं, माझी सासू सांगायची. दुखलं का?

निकिता : नाही.

रसूलबी : ही शेवटची, जास्तीची. माझ्याकडून.

छबूबाई : वाक, पोरी. चुडा भरनारीच्या पाया पडायचं असतं.

निकिता : नमस्कार करते, मावशी.

रसूलबी : सुखात नांद, बाळा. आक्का, तुमी पदर का ओढलात नाकापत्तूर? हितं कुनी बाप्या मानूस न्हाई.

छबूबाई : ठावं हाय. ऱ्हाऊ दे थोडा येळ.