चार्जिंगच्या वेळी आलेले लोबानवाले बाबा

डरपोक म्हणता ना मला? मग ऐका. परवा माझ्या बॅटरी दुरुस्तीच्या दुकानात ट्रकच्या चार बॅटऱ्या चार्जरवर होत्या, झाकणं उघडी. तेव्हा बॅटरीतून गॅस निघतो. ठिणगी पडली की बॅटरी फुटते आणि ॲसिड तोंडावर येतं.

तेवढ्यात दुकानोदुकानी धुपाचा धूर देत फिरणारे लोबानवाले बाबा धुपाटण्यातले पेटते निखारे फुंकत आत शिरले.

मी ओरडलो, "बाबा, वहीं रुको!"

"दुकान में बरकत नहीं चाहिए?" म्हणत ते आणखी पुढे आले.

चार्जरचे चिमटे ओढावेत, तर त्यानंही ठिणगी उडते. मी हात पसरून आडवा उभा राहिलो. "बरकत रस्ते से दो. यहाँ सब उड जाएगा."

बाबा बाहेर गेले आणि तिथून म्हणाले, "इतना डरता है, तो ये धंदा क्यों करता है?"

मी म्हणालो, "चालीस साल से डरता हूँ, इसलिए दोनों आँखें सलामत हैं."