हद्दीबाहेर गेलेली गाडी

तुम्ही मले संशयी म्हणता ना, मंग हे ऐका. आमच्या भाजीच्या पिकअपले मी जीपीएस बसवला. मोताळ्यापासून नांदुऱ्याच्या बाजारापर्यंत मोबाईलच्या नकाशावर हद्द आखून देली. गाडी हद्दीबाहेर गेली की माह्या मोबाईलवर घंटी वाजणार.

पहिल्याच गुरुवारी वाजली. ड्रायव्हर गजाननले फोन लावला.

"कुठं हाये बे?"

"बाजारातच हाये, भाऊ."

नकाशावर गाडी सडक सोडून तीन किलोमीटर आत उभी होती. दुसऱ्या गुरुवारी तेच, अन् तेच उत्तर. म्हटलं, गडी माल परस्पर विकून राह्यला. तिसऱ्या गुरुवारी घंटी वाजताच मी मोटरसायकल काढली.

गाडी माह्या बहिणीच्या दारात उभी. वावराच्या वाटणीवरून आमचं वाजलं तेव्हापासून, म्हणजे तीन वर्षं, मी तिच्या दारात गेलो नव्हतो. आमच्या घरून मायनं धाडलेला भाजीचा डबा तिनं रिकामा केला होता अन् त्याच डब्यात लिंबाचं लोणचं भरून ती गजाननच्या हाती देऊन राह्यली होती.

"हे कधीपासून चालू हाये?" मी विचारलं.

"तीन वर्षं. मायले डबा मोकळा कसा धाडू?" ती म्हणाली, "गाडी सडक सोडून कुठं वळली, ते तुले घरबसल्या समजते. अन् हे लोणचं तू जेवताना दोनदा मागून खातो म्हणे. त्याची चव नाही ओळखली?"