अपडेटात गेलेली मायची पानं

जऊळका स्टेशनच्या बाकावर माझ्या शेजारी बापलेक बसले होते. सुप्रिया गावाची वेबसाइट सांभाळायची. भगवंतराव तिला गाडीत बसवून द्यायला आले होते.

"ब्लॉगवाल्यांच्या संमेलनात करतेत काय, पोरी?"

"भाषनं असतात, बाबा. ते तं मोबाइलवर बी दिसतात. मी एका मानसाले भेटाले चालली."

"कोन्या?"

"मागच्या साली मी घाईघाईत वेबसाइटचं अपडेट केलं, अन् मायनं साइटवर लिहिलेलं सारं गेलं होतं."

"आठवते. तू दोन दिवस जेवली नाही."

"तवापासून मी अपडेट आलं का आठ दिवस थांबते. मायची पानं त्या मानसानंच ऑनलाइन मदत करून परत आनून देल्ली. केरळचा हाय. मराठीचं अक्षर येत नाही त्याले."

"मंग त्याले काय समजलं?"

"मी एवढंच कळवलं, माय वारली, हे तिचं हाय. दिवसभर बसून त्यानं पानन् पान काढलं. सांभाराचं, कोथिंबिरीचं पान बी."

"सांभार फुलला का वाफ्यावर ढग उतरल्यावानी वाटते, असं तिनं लिहिलं होतं, ते?"

"तेच."

भगवंतरावांनी खिशातलं पाकीट चाचपलं.

"गाडीले किती वेळ हाय?"

"वीस मिनिटं. काहून?"

"बस इथंच. मी माहं बी तिकीट काढून आनतो."