बारशाआधीचा डाव

मंडळी, मन जरा इकडे द्या, चपला कुणी नेत नाही! एक सवाल करतो. पाठ झालं म्हणजे कळलं का हो?

दत्तोबा तांबट. हंडे-कळशा ठोकणारा माणूस. हात लोखंडाचे — पण बुद्धिबळात? व्याही गजाननराव दर सणाला हरवायचे. वर म्हणायचे, "व्याही, तुमचा घोडा टांग्याचा दिसतो!"

सुनेला दिवस गेले, तशी व्याह्यांनी पैज लावली. "बारशाला डाव मांडू. जिंकेल त्यानं नाव ठेवायचं. मुलगी झाली तर ठकू, माझ्या आईचं!"

दत्तोबा उसळले. "ठकू? बनाबाई! माझ्या आईचं!"

आणि जिच्या पोटात बाळ, तिला कुणी विचारलं? छे!

दत्तोबांनी उस्तादांच्या डावांचं पुस्तक आणलं. चाळीस डाव तोंडपाठ! डोहाळजेवणाच्या दिवशी व्याह्यांशीच सरावाला बसले. पाचव्या चालीला व्याह्यांनी कडेचं प्यादं ढकललं. दत्तोबा ओरडले, "अहो, ही चाल पुस्तकात नाही!"

"मग पुस्तकालाच बसवा खेळायला!"

अठराव्या चालीला मात!

दत्तोबा पुस्तक बंबात घालायला निघाले, तर सून कुमुद आडवी आली. बापाचे डाव बघतच वाढलेली पोर!

"मामंजी, या उस्तादानं हल्ला सोडून कोपऱ्यातला हत्ती का हलवला?"

"मला काय ठाऊक? उस्ताद आहे तो!"

तिनं पुस्तकातल्या पुढच्या चालीवर तळहात ठेवला. "आता सांगा, तुम्ही काय खेळाल?"

"वजीर घालीन आत!"

हात उचलला — चूक! महिनाभर रोज चूक! आणि एक दिवस दत्तोबा ताडकन उठले. "अगं, बाकीचे लढतायत, हा एकटा हत्ती झोपलाय! त्याला कामाला लावलं!"

तुमच्याही घरात असेल असा एखादा हत्ती... शेजारी बघू नका!

मुलगी झाली. बारशाला पाळणा सजला, घुगऱ्या शिजल्या, पण आधी डाव! व्याह्यांनी पुन्हा कडेचं प्यादं ढकललं. दत्तोबांनी स्वतःलाच विचारलं, का ढकललं? कडेला गेले, म्हणजे मधलं दार उघडं! कोपऱ्यातला हत्ती उचलला, मधे आणला.

"हत्तीला फिरायला नेता काय?" व्याही हसले.

दहा चालींनी तोच हत्ती राजाच्या दारात उभा! व्याह्यांचं हसू मिशीतच राहिलं.

"हरलो. ठेवा तुमची बनाबाई!"

दत्तोबांनी तोंड उघडलं... आणि पाळण्यावर वाकलेली कुमुद दिसली. महिनाभराची सवय हो! मनात आलंच — बनाबाईच का?

"पोरी, नाव तू सांग."

"शरयू," ती हळूच म्हणाली.

तिच्या आईचं नाव! कुमुद लहान असतानाच गेलेली. वीस वर्षांत गजाननरावांनी ते नाव उच्चारलं नव्हतं. उपरण्यात तोंड लपवलं त्यांनी. मग नाक पुसत म्हणाले, "व्याही... नेमका कितव्या चालीला चुकलो मी?"

मंडळी, पोथी तुम्ही रोज वाचता. घडाघडा! उद्या एका ओवीवर तळहात ठेवा. विचारा — इथं मी काय केलं असतं? उत्तर चुकेल. चुकू द्या! पण हात ठेवल्याशिवाय पान उलटू नका!