बिस्किटाच्या डब्यातली तिकिटं

—कितीही वाजवा शेजारचं ते दार, कुणी उघडायचं नाही. मुर्डिना चर्चमध्ये गेलीय. आज उपासाचा गुरुवार, रविवारी प्रभुभोजन, सगळं गाव तिकडंच. मी का नाही गेले? गुडघे हो. म्हणजे — गुडघेच म्हणायचं. या, आत या, तिथं उभ्या राहिलात तर वारा उचलून समुद्रात टाकेल तुम्हाला. कुत्रीला भिऊ नका, तिला दात नाहीत, माझ्यासारखीच आहे. बसा तिथं, टॉर्क्विलच्या खुर्चीत — माझा नवरा, वर गेलाय, तो काही खुर्ची मागायला परत यायचा नाही. तुम्ही शहरातल्या त्या वृद्धाश्रमाच्या ना? बॅगेवरूनच ओळखलं मी. मुर्डिना म्हणालीच होती, त्यांची बाई येणार, काय काय न्यायचं ते बघायला. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तुमचं तोंड म्हणजे मला नुसतं धुकं, पण बॅग दिसते.

घ्या, पॅनकेक गरम आहेत. अंडी मुर्डिनाच्याच कोंबड्यांची. नाही, मी नाही खात — हल्ली घशाखाली उतरत नाहीत. आता तुम्ही आलाच आहात तर एक विचारते, रागावू नका — सोमवारी तिला न्यायचं ठरलंय, ते जरा पुढं नाही का ढकलता येणार? आठ-पंधरा दिवस? खोली दुसऱ्या कुणाला जाईल, माहीत आहे मला, पण तिचं एक पत्र गेलंय मुलीला, ग्लासगोला. उत्तर आलं नाही म्हणून तर ही निघालीय. नाहीतर मुर्डिना घर सोडणारी बाई आहे का? ‘डोलिना,’ मला म्हणाली, ‘तिला पत्र मिळालं, तिनं वाचलं आणि चुलीत घातलं. आता कोंबड्या तू घेऊन जा.’ कोंबड्या! मला देतेय कोंबड्या!

फोन? अहो, त्या दोघी फोनवर नमस्काराच्या आत भांडतात. आणि भांडण कशावरून, ऐका — बाप गेला शनिवारी, आणि या पोरीनं रविवारी त्याच्या अंथरुणाच्या चादरी धुऊन दोरीवर टाकल्या. शब्बाथला, कामाला हात न लावायच्या दिवशी! चर्चच्या पाळकाच्या खिडकीतून दिसणारी दोरी ती. मुर्डिना ओल्या चादरी ओढत घरात घेऊन आली, पोरीला सगळ्यांदेखत काय काय बोलली, आणि पोरगी पुढच्या बोटीनं गेली ती गेलीच. सोळा वर्षं. आणि आत्ता कुठं म्हातारीनं लिहिलं — तीन दिवस लिहीत होती — की प्रभुभोजनाच्या आधी ये, नाही आलीस तर मी आश्रमात जाते. कशी माहीत म्हणजे? माझ्यासमोरच पाठ म्हणून दाखवलं. पोस्टाचं तिकीट मागायला आली होती ना माझ्याकडे.

हां, तिकिटांचं तुम्हाला ठाऊक नाही. इथं गावात सगळ्यांना ठाऊक आहे. टॉर्क्विलला कुणीतरी सांगितलं, ज्या तिकिटावर किंमत छापलेली नसते ते आज घ्या नि वीस वर्षांनी लावा, चालतंय. झालं! भाव वाढणार अशी कुणकुण लागली की हा रोरीच्या दुकानात — पोस्टही तिथंच — असतील नसतील तेवढी तिकिटं घरात. लोक कोळसा भरतात, पीठ भरतात, आमच्या घरात राणीची तोंडं. बिस्किटांचे डबेच्या डबे. पलंगाखाली, कपाटावर, त्या मोठ्या घड्याळाच्या पोटात. ‘बँक काय देते? हे बघ, झोपेत वाढतंय,’ असं म्हणायचा. आणि मीही मिरवलं हो, खोटं कशाला बोलू. नाताळात सगळं गाव माझ्या दारात, मी दुकानापेक्षा स्वस्त द्यायची — कुणी अंडी देई, कुणी हेरिंग मासे. रोरी म्हणायचा, ‘पोस्टमास्तरीणबाई, मला नोकरीवर ठेवा आता.’

मग ते नवीन निघालं. बाजूला काळ्या रेघा असलेली तिकिटं तेवढी खरी, जुनी मेली. बदलून मिळत होती, नाही असं नाही, पण कागद भरून पाठवायचा. मी तेराव्या वर्षी मासे कापायला लागले, मला कुठले कागद भरता येतात? आणि विचारायचं कुणाला? रोरीला? संध्याकाळपर्यंत गाव हसलं असतं — टॉर्क्विलचा खजिना कुजला म्हणून. तेव्हा गप्प बसले. वीजवाल्यांना एक लावून पाठवलं — गेलं. बहिणीला एक — तेही गेलं. म्हटलं, पोस्टाचं यंत्र कसलं बघतंय...

मुर्डिनाला काय, तिची नजर माझ्याहून वाईट. ‘चांगलं आहे ना गं?’ असं विचारलं तिनं. विचारलं हो! आणि मी म्हणाले, ‘टॉर्क्विलच्या डब्यातलं आहे, शिळं व्हायचं नाही.’ मीच चिकटवलं, या बोटानं दाबलं. वर सहा अंडी घेतली. काय होणार, फार तर पलीकडच्याकडून दंड मागतील, मुलगी भरेल — आईच्या पत्राला कोण नाही भरणार? असं आपलं मी मनाला... रोज ती पोस्टमनची गाडी बघत फाटकाशी उभी असते. मी पडदा ओढून घेते. पाळकासमोर हे हात घेऊन प्रभुभोजनाच्या मेजाशी कशी बसू? म्हणून गुडघे. कळलं ना, म्हणून गुडघे. तेव्हा थोडं थांबता आलं तर बघा, तेवढ्यात मी काहीतरी —

हे काय? माझ्यापुढं काय ठेवलंत? वाचता नाही येत मला एवढं बारीक, थांबा, खिडकीशी नेते. पाकीट आहे. वर पोस्टाची पिवळी चिठ्ठी... आणि हे तिकीट. वाकडं. मान खाली घातलेली राणी. असं वाकडं मीच —

इशबेल? मुर्डिनाची इशबेल?

केस कापलेस. लाल केस होते गं तुझे, कंबरेपर्यंत. बोल ना काहीतरी. — काय? पत्र कोणाचं ते चिठ्ठीवर नव्हतंच? नुसता दंड भरा म्हणून? ...आणि भरून सोडवलंस तेव्हा अक्षर दिसलं. आणि वाटलं, सोळा वर्षांनी लिहिलं, तेही आईनं तिकिटाला हात आखडला. भांडायलाच आलीस तू. बॅगेत कपडेसुद्धा नाहीत तुझ्या, हो ना?

तिनं नाही गं. तिनं अंडी मोजून दिली होती. सगळ्यात मोठी होती ती.

ऐकलंस? घंटा. सुटलं चर्च. वळणावर काळ्या टोप्या दिसतील आता, तीच पुढं असेल, काठी घेऊन. नाही, तू नको उठूस. बस. पाकीट दे ते. राहू दे, माझा कोट तिथं दाराशीच आहे. कुत्रीला आत घे, आणि दार लावून घे.

आधी मी जाते.