सूर्यभान आबांची फुल्ल रेंज

...अन् वर म्हणत्यात, रेंज हाय की! हाय ना, न्हाई कोण म्हणतंय? तुम्हाला सांगतो, आमच्या सूर्यभान आबांच्या मोबाईलवर त्या दिवशी सगळ्या कांड्या उभ्या, टॉवर तर दुकानातनं मान वर केली की दिसायचा, अन् फोन? टूं टूं टूं! नेटवर्क बिझी! रेंज फुल्ल, अन् फोन लागत न्हाई! आता ह्याला काय म्हणायचं, सांगा तुमीच!

साल नव्व्याण्णव. शिंगणापूर. वार शनिवार, अन् दुपारी बाराला अमावस्या लागायची, म्हणजे गर्दी किती ती इचारूच नका. मुंबईपासनं माणूस लोटलेलं, अन् त्या मुंबईवाल्यांच्या कमरंला फोन! आबांचं देवळाच्या वाटंवर तेलाचं अन् रुईच्या माळांचं दुकान, पण त्या दिवशी गिऱ्हाइकाकडं बघतंय कोण? आबांचा जीव अडकलेला सीमाच्या लग्नात! त्यांची धाकटी हो. राजूरचं स्थळ आलेलं, पोरगं मास्तर, सीमानं फोटो बघून तीन दिवस जेवण सोडलं नव्हतं एवढंच, बाकी सगळं ध्यान तिकडं. पण पोराचा बाप, गहिनीनाथराव, लई करडा माणूस. "हे बघा सूर्यभानराव, अमावस्या लागायच्या आत होकार कळवा. बारा वाजून एक मिनिट झालं की मी नेवाशाच्या स्थळाला हो म्हणतो." आता होकार आधीच कळवला असता की न्हाई? पण पोरीच्या मामाच्या शब्दाशिवाय होकार द्यायचा कसा? अन् तो मामा उगवला शनिवारी सकाळी दहाला! चहा पिला, मिशा पुसल्या, म्हणला, "द्या उडवून बार!"

झालं. आबांनी दाबला फोन. टूं टूं टूं. परत दाबला. टूं टूं टूं. एसटीडीवर जावं तर बूथची रांग स्टँडपर्यंत गेलेली. आबा दुकानाच्या पत्र्यावर चढले, लिंबाखाली गेले, फोन उलटा धरला, सुलटा धरला, बंडीला पुसला... रेंज फुल्ल, अन् फोन लागत न्हाई! सीमा दुकानाच्या पायरीवर बसून रुईच्या माळा ओवतीय, अन् दर मिनिटाला आबांच्या हातातल्या फोनकडं बघतीय.

साडेअकराला आबांचं डोकं फिरलं. फोन घातला बंडीच्या खिशात अन् गेले तडक टॉवरखाली. तिथं पत्र्याच्या खोलीत कंपनीचा इंजिनिअर प्रवीण, कॉम्प्युटर मांडून घामाघूम. आबा म्हणले, "साहेब, कांड्या सगळ्या उभ्या, मग अडतंय कुठं?"

"आबा, रेंज आहे, पण जागा नाही. ह्या टॉवरवर एका वेळी सातच जण बोलू शकतात."

"सात? अन् गावात माणूस लाखभर!"

"पंगतीचा वास गावभर जातो की नाही? पण पाट मांडलेत सातच. रेंज म्हणजे नुसता वास, आबा."

आबांना काय कळलं देव जाणे. मान मात्र हलवली. "मग बसलंय कोण त्या पाटांवर? मुंबईवालेच असतील!"

प्रवीणनं यादी काढली, अन् कपाळाला हात लावला. "मुंबईवाला एकपण नाही. पहिला नंबर कडूबाई, नारळवाल्या. पाऊण तास चालू!" आबा धावले बाहेर. कडूबाई तर समोर गिऱ्हाइकाशी भांडतीय, फोन पिशवीत, वर नारळ! नारळानं बटन दाबलंय, अन् फोन लागलाय शेजारच्या दुकानातल्या गोरक्षच्या खिशात, अन् गोरक्षच्या मांडीखाली दाबून तो उचललाबी गेलाय... अहो, कोणीच बोलत नव्हतं! सगळे फोन आपले आपणच बोलत हुते!

का म्हणून इचारा. प्रवीणनं कंपनीचे बारा फोन गावातल्या दुकानदारांना वाटताना शिकवलं हुतं, दोन बटनं दाबायची, पडद्यावर चावीचं चित्र येतंय, मग बटनं आपोआप दाबत न्हाईत. चावी म्हणल्याबरोबर कडूबाईनं फोन खाली ठेवला. "ज्या गावात घराला दार न्हाई, तिथं तळहाताएवढ्या डबीला चावी? शनिदेव काय म्हणंल?" अन् बाराच्या बारा फोन राहिले उघडे! आबांचा बी.

आबा परत आत आले, बारा वाजायला दहा कमी, अन् मग जे सुटले... "अहो आमचा होकार हाय! पोरगं सोनं हाय! पण त्याचा बाप..." पुढं गहिनीनाथरावांबद्दल आबा काय काय बोलले ते मी सांगत न्हाई, हितं बायामाणसं बसल्यात. पण बोलले, पोटभर बोलले! प्रवीण यादीवर बोट फिरवतोय, सहा झाले, अन् सातव्यावर बोट थांबलं.

"आबा... हा तुमचाच नंबर. लाईन राजूरला लागलीय. एकोणीस मिनिटं झाली."

तासभर बोटानं दाबला तवा लागला न्हाई, अन् खिशात बसून लागला? कसा? दोन बोटांत धरून, इंचू उचलावा तसा फोन काढला, कानाला लावायची हिंमत होईना. तर आतनं शांत आवाज आला, "होकार पोचला, सूर्यभानराव. अमावस्येला अजून पाच मिनिटं हायेत. ते दाढीला मेंदी लावलेल्या बोकडाचं अर्धं राहिलं, तेवढं पुरं करून घ्या."

लग्न झालं हो, न्हाई कसं! सीमा सुखात हाय. पण आता राजूरचा फोन आला की आबांनी उचलायचा, अन् पलीकडनं व्याही म्हणणार, "राम राम, बोकड बोलतोय." अन् तुम्हाला सांगतो, तो फोन कसलीबी गर्दी असू दे, भर अमावस्या असू दे... पहिल्या फटक्यात लागतो!